जळगावात केळी मुबलक आहेत, तर आनुवंशिकतेच्या प्रकल्पासाठी केळीच घेऊ का?

केळी नको, पिकल्या केळीवर बसणारी छोटी फळमाशी (ड्रोसोफिला) घ्या. केळीची आपली बसराई जात काय किंवा जी-नाईन काय, दोन्हींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. लागवड कंदांनी किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी होते. संकरच नाही, तर पुढच्या पिढीत गुण मोजणार कशाचे?

मी प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक घेते, म्हणून फळमाशीचं खात्रीने सांगते. २५ अंशाला दहा-बारा दिवसांत नवी पिढी, एका मादीची शेकडो अंडी, गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या. लाल डोळ्यांचा नर आणि पांढऱ्या डोळ्यांची मादी यांचा संकर करा: माद्या लाल डोळ्यांच्या, नर पांढऱ्या. हे स्वतःच्या भिंगाखाली बघायलाच हवं! पांढऱ्या डोळ्यांचा वाण विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विचारा. माद्या मात्र कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या काढा, म्हणजे दुसऱ्या नराशी आधीच मीलन झालेलं नसेल. तेव्हा त्या फिक्या असतात आणि पोटावर काळसर ठिपका दिसतो.

एकच अडचण: खान्देशचा उन्हाळा. तिशीच्या वर पारा गेला की नर वांझ होऊ लागतात, म्हणून प्रयोग डिसेंबर-जानेवारीत उरका.