तत्त्वज्ञानात बी.ए. झाल्यावर अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज कसा करावा आणि खर्च कसा भागवावा?

अमेरिकेतील बहुतेक नामांकित तत्त्वज्ञान विभाग पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे शुल्क माफ करतात आणि अध्यापन-साहाय्याच्या मोबदल्यात साधारण ५ वर्षे विद्यावेतन देतात. ते मिळणार नसेल, तर प्रवेश मिळूनही कर्ज काढून जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढे प्राध्यापकाची नोकरी मिळण्याची शाश्वती फार कमी असते.

अर्जात सर्वाधिक वजन लेखन-नमुन्याला असते. हा साधारण १५ ते २० पानांचा निबंध एकाच प्रश्नावर नेमका युक्तिवाद करणारा आणि त्यावरील प्रबळ आक्षेपांना उत्तर देणारा असावा. त्यात सगळा शंकराचार्य किंवा सगळा कांट कोंबण्याचा मोह टाळावा. बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात, आणि ती हा निबंध खरोखर वाचलेल्या प्राध्यापकांकडूनच घ्यावीत. अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते. प्रत्येक विद्यापीठाचे अर्जशुल्क वेगळे असते आणि त्याची बेरीज अनपेक्षितपणे मोठी होते, म्हणून माफीची सोय आहे का, हे आधीच विचारावे.

केवळ एम.ए. करायचे असल्यास जर्मनीचाही विचार करावा: तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच खात्यात दाखवावी लागते.