शब्द पाळला, पण मकोलाचं काय?

प्रश्न : घानामध्ये १९७९ साली तरुण सैनिकांनी सत्ता घेतली, भ्रष्ट जनरलांना गोळ्या घातल्या, निवडणूक होऊ दिली आणि चार महिन्यांच्या आत ते बराकीत परतले, असं वाचनात आलं. अशी थोड्या दिवसांची लष्करी राजवट देशाच्या भल्याचीच म्हणायची ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ४ जून ते २४ सप्टेंबर, अवघे ११२ दिवस. हातात बंदूक असलेला माणूस खुर्ची आपणहून सोडतो हे विरळाच, त्यामुळे या राजवटीचं कौतुक होतं. पण ती निवडणूक या सैनिकांनी ठरवलेली नव्हती. आधीचे लष्करी प्रमुख जनरल अकुफो यांनीच ती जाहीर केली होती. या सैनिकांचे म्होरके जेरी रॉलिंग्ज आणि त्यांचे साथीदार तिच्या आड आले नाहीत, एवढं श्रेय त्यांचं. आणि ज्यांनी निवडणूक जाहीर केली त्या अकुफोंनाच २६ जूनला गोळ्या घालण्यात आल्या. मतदानाची पहिली फेरी १८ जूनला, दुसरी ९ जुलैला. म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधे! त्याआधी १६ जूनला माजी लष्करशहा अचेम्पाँग आणि जनरल उटुका यांना मारलं होतं. एकूण आठ वरिष्ठ अधिकारी, त्यांपैकी तिघे देशाचे माजी प्रमुख. खटले बंद दाराआड, घाईघाईत उरकले. अपील नाही.

लोकांचा राग मात्र खोटा नव्हता. अचेम्पाँग यांनी १९७२ मध्ये निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि पुढे देशाची पार रया गेली. कोकोला सरकारी भाव इतका कमी की शेतकऱ्यांची पोती चोरवाटेने टोगो आणि आयव्हरी कोस्टला जायची. आयातीचे परवाने अधिकाऱ्यांच्या मर्जीतल्यांना. सरकार नोटा छापत सुटलं आणि १९७७ मध्ये महागाईचा दर शंभर टक्क्यांच्या वर गेला. या काळ्या बाजाराला लोक ‘कलाबुले’ म्हणत. अशा वेळी हवाई दलातला एक तरुण वैमानिक, म्हणजे हेच रॉलिंग्ज, १५ मे रोजी बंड करतो, पकडला जातो आणि लष्करी न्यायालयात सांगतो की जबाबदारी सगळी माझी, माझ्या माणसांना सोडा. तो रातोरात लोकांचा लाडका झाला. ४ जूनच्या पहाटे सैनिकांनी त्याला कोठडीतून सोडवलं.

माझं भांडण यापुढच्या गोष्टीशी आहे. जनरलांचा निकाल लावून झाल्यावर बंदूक वळली ती बाजारातल्या बायकांकडे. राजधानी आक्रा शहरातल्या मकोला बाजारात कापड, मासळी, टोमॅटो, साबण असा सगळा व्यापार बायकांच्या हाती होता. कापडाची घाऊक व्यापारीण आपली पुंजी बँकेत ठेवत नसे, ताग्यांत ठेवायची. ताग्यांच्या जोरावर लहान विक्रेतीला उधारीवर माल द्यायची, त्यातूनच मुलांची फी भरायची. सैनिकांनी नियंत्रित भावाने विका म्हणून फर्मावलं. तो भाव खरेदीच्याही खाली! स्वस्तात माल मिळतोय म्हणून रांगा लागल्या, काही आठवड्यांत फळ्या रिकाम्या झाल्या. खेड्यांतून धान्य-भाजी येणंही आटलं, कारण तोट्यात कोण विकणार? ज्यांच्याकडे माल सापडला त्या बायकांना साठेबाज ठरवून भर चौकात कपडे काढून फटके मारले. आणि १८ ऑगस्टला सैनिकांनी मकोला क्रमांक १ हा बाजारच लुटून जमीनदोस्त केला. पुढे त्या जागी वाहनतळ झाला, त्याला नाव पडलं रॉलिंग्ज पार्क.

माझी आई मंडईत भाजी विकायची. भाव चढला की गिऱ्हाईक तिलाच बोल लावायचं. पहाटे घाऊक बाजारात तिला काय भाव पडला हे कुणी विचारत नसे. म्हणून मकोलाबद्दल मला तटस्थ राहून लिहिता येत नाही. नोटा छापल्या सरकारने, परवाने वाटले अधिकाऱ्यांनी, आणि चाबूक बसला तो साबणाची वडी विकणाऱ्या बाईच्या पाठीवर. देशाचं भलं झालं का, हा हिशेब मांडताना तिला वगळून चालणार नाही.

प्रश्न : निदान निवडून आलेल्या सरकारला त्यांनी सुखाने राज्य करू दिलं ना?
– तेच वाचक

उत्तर : नाही. हिल्ला लिमान राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र नव्या राज्यघटनेतच तरतूद करून घेतलेली होती की या ११२ दिवसांत सैनिकांनी जे केलं त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. लिमान यांनी काही आठवड्यांतच रॉलिंग्जना सैन्यातून निवृत्त केलं, तरी ३१ डिसेंबर १९८१ रोजी रॉलिंग्ज यांनी पुन्हा सत्ता हिसकावली. बराकीत परतण्याचा शब्द टिकला तो जेमतेम सव्वादोन वर्षं. नंतर १९९२ आणि १९९६ मध्ये ते निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये मुदत संपल्यावर पायउतार झाले. ते मी मनापासून मान्य करते, कारण तेव्हा सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे मतपेटीतून गेली.

गोळ्या घातलेल्या त्या आठ जणांचे अवशेष कुटुंबांच्या हाती पडले ते नव्या सरकारच्या काळात, २००१ साली. पाठोपाठ नेमलेल्या राष्ट्रीय सलोखा आयोगापुढे बाजारातल्या बायकांवरचे अत्याचारही मांडले गेले आणि आयोगाने पीडितांना भरपाई देण्याची शिफारस केली. तोवर मकोला पाडून पाव शतक होत आलं होतं.