भूतकाळाला हात लावण्याआधी

तुझ्या कालप्रवासाच्या कथेचा कच्चा खर्डा वाचला. नायक मागे जातो, बहिणीला वाचवतो, परत येतो, सगळे खूश. गाडी इथेच अडते बघ. किंमत कोणी मोजली?

आधी २०११ चं 'फ्लॅशपॉइंट' हे डीसीचं कॉमिक वाच, पाचच अंक आहेत. बॅरी ॲलन, म्हणजे विजेच्या वेगाने धावणारा सुपरहिरो फ्लॅश, मागे जाऊन आईचा खून टाळतो. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. पण बदललेल्या जगात समुद्रातलं अटलांटिस आणि वंडर वुमनच्या ॲमेझॉन योद्ध्या यांच्या युद्धात युरोप होरपळतोय. मूळ कथेत ब्रूस वेनच्या आईबापाचा जीव घेणारी गल्लीतली गोळी इथे लहानग्या ब्रूसलाच लागलीय आणि बॅटमॅन झालाय त्याचा बाप, थॉमस. या लोकांना बॅरीने विचारलं होतं का? शेवटी थॉमसचं पत्र बॅरी आपल्या जगातल्या ब्रूसला, म्हणजे नेहमीच्या बॅटमॅनला, आणून देतो. ते वाचताना रडणारा बॅटमॅन नीट बघ. तिथे एकही ठोसा नाही.

उलट १९७८ च्या चित्रपटात सुपरमॅन मेलेल्या प्रेयसीसाठी, लोइससाठी, काळ मागे फिरवतो आणि हिशेब कोणीच मागत नाही. (लहानपणी मला तेच भारी वाटायचं!)

तू एवढंच कर. पहिल्या काळात असलेला आणि दुसऱ्यात जन्मलाच नाही असा एक साधा माणूस घे. त्याला नाव दे, घर दे. मग नायकाला त्या घराची बेल वाजवू दे.