नव्या जीवशास्त्र शिक्षिकेला

पहिल्या महिन्यात पोर्शन संपवायच्या मागे लागू नकोस. खासगी शाळेत मुलं मोजकी आणि मायक्रोस्कोप बरे असतील, तर त्याचा फायदा घे. परासरण, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून पाण्याचं आत-बाहेर जाणं, फळ्यावर शिकवण्याआधी कुंडीतलं ऱ्हिओचं पान आण. खालची जांभळी साल सोलून आधी साध्या पाण्यात बघायला दे. मग एका कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोड, दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घे. जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून आक्रसत जातो. लगेच साधं पाणी दिलं, तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. प्रत्येकाला स्वतः बघू दे, अख्खा तास गेला तरी चालेल. मी पहिली दोन वर्षं नुसत्या आकृत्या काढून घेतल्या, त्या मुलांचं अजून वाईट वाटतं.

ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, ऐरोलीला खाडीकाठीच जैवविविधता केंद्र आहे. ओहोटीची वेळ बघून मुलांना तिथे ने. चिखलातून वर आलेली तिवराची श्वसनमुळं दिसतील, पानावरचं मीठ बोटाला लागेल. परासरणाचा धडा तिथे परत काढ.

पालक मार्कांबद्दल विचारतीलच. उत्तरपत्रिका समोर ठेवून शांतपणे बोल.