घरच्या वर्कशॉपमध्ये नवीन लेथ बसवताना कोणती काळजी घ्यावी?

तुम्ही विचारले आहे की, सांगलीजवळच्या घरामागची बारा बाय पंधरा फुटांची खोली वर्कशॉपसाठी मोकळी केली आहे, खाली शहाबादी फरशी आहे, वीज सिंगल फेज आहे, आणि साडेचार फुटी बेडचे (बेड म्हणजे लेथचा लांब पाया, ज्यावर बाकीचे भाग बसतात), सुमारे सहाशे किलो वजनाचे नवीन लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलने कापणारे यंत्र, पुढच्या महिन्यात येणार आहे. विक्रेता म्हणतो की सपाट जागा बघून ठेवा, बोल्ट आवळा आणि कामाला लागा, तर एवढे पुरेसे आहे का? माझे उत्तर असे की, पुरेसे नाही. मी आयटीआयमधून टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) होऊन कोल्हापुरात बरीच वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या अवजारे बनवणाऱ्या विभागात, काम केले आणि आता घरच्या खोलीत स्वतःचे लेथ चालवतो, त्यामुळे इथे लिहितो आहे ते हाताखालून गेलेले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. लेथचे बेड बिडाचे असते, दोन माणसांना ते जागचे हलत नाही, म्हणून ते दगडासारखे ताठ आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चारपैकी एक पाय कागदाच्या जाडीइतका जरी अधांतरी राहिला आणि त्यावरचा बोल्ट आपण पान्याने ओढून बसवला, तरी बेडला पीळ बसतो. पीळ बसला की सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) स्पिंडलच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या, अक्षाला समांतर चालत नाही (जॉब म्हणजे कापायचा तुकडा), टूलचे टोक पुढे जाता जाता अक्षापासून दूर किंवा जवळ सरकते, आणि सरळ टर्निंगला टेपर येतो, म्हणजे व्यास एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त येतो. लेथ बसवणे म्हणजे मुख्यतः हा पीळ काढणे. बाकीची कामे त्याच्या आधीची तयारी तरी आहेत किंवा नंतरची तपासणी तरी.

माझ्या लेथवर मी पहिल्याच आठवड्यात चकमध्ये (स्पिंडलवरची, जॉब पकडणारी पकड) धरलेल्या रॉडवर कट घेतला, तेव्हा १५० मिमी लांबीत व्यासाला ०.०५ मिमी टेपर आला. चककडचा व्यास कमी, बाहेरच्या टोकाचा जास्त. मी टेलस्टॉक (बेडच्या उजव्या टोकाचा, जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकवून पाहिला, वास्तविक जॉब फक्त चकमध्ये असल्यामुळे टेलस्टॉकचा त्यात काही संबंधच नव्हता. मग हेडस्टॉकचे (डावीकडचा, स्पिंडल असलेला भाग) बोल्ट सैल करून तो फिरवावा असे ठरवत होतो. सुदैवाने आमच्या टूलरूममधले एक जुने फिटर घरी आले होते, त्यांनी हेडस्टॉकला हात लावू दिला नाही. त्यांनी पायाचे चारही बोल्ट सैल करायला लावले आणि फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचे साधन) ०.१० मिमीचे पान टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली सरकवले. ते निम्म्यापर्यंत अलगद आत गेले. तो पाय हवेत होता आणि मी बोल्ट आवळून त्याला खाली खेचले होते. पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घातल्यावर टेपर गेला. म्हणून नवीन लेथमध्ये टेपर आला तर हेडस्टॉकवर संशय घेण्याआधी पाय तपासावेत, ही विनंती मी प्रत्येकाला करतो.

आता जमिनीबद्दल लिहितो, कारण तुमच्याकडे खरी अडचण तिथे आहे. शहाबादी फरशीखाली कुठे मसाला भरलेला असतो, कुठे पोकळी असते. हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत गेलात तर आवाजातला फरक लगेच कळेल. अशा फरशीवर सहाशे किलो चार पायांवर उभे केले तर फरशी तडकते किंवा बसते, आणि आज केलेली लेव्हल महिन्याने राहत नाही. त्याशिवाय कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरची जमीन वर्षभर हळूहळू हलत असते. माझा सल्ला असा की, लेथच्या जागेवरची फरशी उचलावी, पायांच्या बाहेर चारही बाजूंनी साधारण एक फूट जास्त जागा धरून निदान दीड-दोन फूट खोल काळी माती काढून टाकावी, थराथराने मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करावी, आणि त्यावर सळईची जाळी घालून १५० मिमी जाडीचे काँक्रीट ओतावे. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, म्हणून लेथ पुढच्या महिन्यात येणार असेल तर हे काम याच आठवड्यात सुरू करावे आणि काँक्रीटवर पाणी मारण्यात कसूर करू नये.

जागा ठरवताना हेडस्टॉकच्या डाव्या बाजूला मोकळीक ठेवा. लांब रॉड स्पिंडलच्या भोकातून मागे काढावा लागतो आणि तिथे भिंत आली तर ते काम कायमचे अडते. मागच्या बाजूला माणूस वाकून साफसफाई करू शकेल एवढी जागा असावी.

गाडीतून उतरवताना घाई करू नका. लेथचे वजन वरच्या बाजूला आणि हेडस्टॉककडे जास्त असते, त्यामुळे ते दिसते त्यापेक्षा सहज कलते. हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) मिळाला तर उत्तमच. पट्टा बेडखालून घ्यावा, लीड स्क्रूला किंवा फीड रॉडला (बेडच्या पुढच्या बाजूचे, सॅडल चालवणारे लांब दांडे) तो कधीही लागू नये, आणि तोल साधण्यासाठी, सॅडलच्या वाटेवरचा चिकट थर आधी पुसून, सॅडल टेलस्टॉककडे नेऊन लॉक करावे. खोलीत नेताना खाली जाड पाइप घालून पहारीने सरकवत नेणे ही पद्धत संथ आहे, पण तीच सुरक्षित आहे. सरकवताना कुणीही लेथच्या कलत्या बाजूला उभे राहू नये.

लेथ जागेवर आले की पहिला मोह हँडल फिरवून पाहण्याचा होतो, तो टाळावा. नवीन लेथच्या स्लाइडवेवर (बेडवरचे, सॅडल ज्यावरून सरकते ते घासलेले पट्टे) गंज येऊ नये म्हणून चिकट ग्रीससारखा थर दिलेला असतो आणि वाटेतली धूळ-वाळू त्यात रुतून बसलेली असते. तसेच सॅडल ओढले तर तीच वाळू बेडवर ओरखडे काढते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या कपड्याने आणि ब्रशने तो थर पूर्ण काढावा, पॉलिश पेपर अजिबात वापरू नये, आणि नंतर लगेच स्लाइडवेला ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल लावावे. हेडस्टॉकमधले ऑइल काढून कपड्यातून गाळून पाहावे. आपल्याकडच्या नवीन लेथमध्येही त्यात बारीक चिप्स आणि कास्टिंगची वाळू सापडू शकते. नवे ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच, काचेवरच्या खुणेपर्यंत भरावे.

विजेचे काम जाणकार वायरमनकडून करून घ्या. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मीटरपासून वेगळी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, ओव्हरलोड संरक्षण (जादा भार आला की मोटार बंद करणारी सोय) असलेला स्टार्टर आणि स्वतंत्र आर्थिंग असावे. लेथबरोबर थ्री फेज मोटार येणार असेल तर सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजचे थ्री फेज करून मोटारचा वेग बदलू देणारे विद्युत उपकरण) लावून ती चालवता येते आणि वेग कमी-जास्त करण्याची सोयही मिळते. मात्र असा व्हीएफडी २३० व्होल्टचे थ्री फेज देतो, त्यामुळे मोटार २३० व्होल्टला डेल्टामध्ये (मोटारच्या वायरी जोडण्याची एक पद्धत) जोडता येते का, हे नेमप्लेटवर आणि टर्मिनल बॉक्स उघडून आधी पाहावे. लेथवरचा मूळचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये ठेवू नये. मोटार चालू असताना तो फिरवला तर व्हीएफडी जळू शकतो. तो स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडून घ्यावा. चक आट्यांवर बसणारा असेल तर एकदम ब्रेक लागेल किंवा जोरात उलटे फिरेल असे सेटिंग कधीही ठेवू नये, कारण त्याने चक सुटून बाहेर येतो.

यानंतर लेव्हल. गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी प्रिसिजन लेव्हल कुणा ओळखीच्या टूलरूममधून एका दिवसासाठी मागून आणावी. पायांखाली १० ते १२ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या ठेवून त्यांवर लेव्हलिंग बोल्ट टेकवावेत. सॅडल हेडस्टॉकजवळ आणून क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरचा, टूल आत-बाहेर नेणारा भाग) लेव्हल आडवी ठेवावी, बुडबुडा स्थिर होऊ द्यावा, वाचन लिहून घ्यावे, आणि लेव्हल न उचलता सॅडल टेलस्टॉककडच्या टोकाला नेऊन पुन्हा वाचावे. बुडबुडा मधोमध असलाच पाहिजे असे नाही. दोन्ही टोकांना तो एकाच जागी असला पाहिजे, कारण आपल्याला पीळ मोजायचा आहे. लेव्हल हातात धरून ठेवू नका. हाताच्या उबेने बुडबुडा सरकतो आणि नसलेला दोष दिसू लागतो. बोल्ट आवळल्यावर वाचन बदलते, म्हणून प्रत्येक आवळणीनंतर पुन्हा पाहावे, आणि या कामाला अख्खी दुपार द्यावी. रबरी माउंटबद्दल मला नेहमी विचारतात. त्यांनी थरथर कमी होते, पण साडेचार फुटी बेडचा पीळ त्यांच्या जोरावर काढता येत नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

शेवटचा निकाल लेव्हलचा नसून कटचा असतो. सुमारे ४० मिमी व्यासाचा एमएस (साध्या मऊ पोलादाचा) रॉड चकमध्ये धरून १५० ते २०० मिमी बाहेर ठेवावा, टेलस्टॉक लावू नये. दोन टोकांना वीस-वीस मिमी रुंदीच्या कॉलर, म्हणजे जाड पट्टे, ठेवून मधला भाग एखादा मिलिमीटर खाली घ्यावा. मग धारदार टूलने, क्रॉस स्लाइडला मध्ये हात न लावता, दोन्ही कॉलरवर ०.०५ ते ०.१० मिमीचा एकच हलका कट घ्यावा आणि रॉड थंड झाल्यावर मायक्रोमीटरने मोजावे. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा पाय किंचित उचलावा. लहान आली तर तो किंचित खाली घ्यावा. एका वेळी बोल्ट थोडासाच फिरवून पुन्हा कट घ्यावा. दोन्ही कॉलरमधला फरक ०.०१ मिमीच्या आत आला की घरच्या कामासाठी लेथ बसले असे समजावे.

टेलस्टॉक त्यानंतरच पाहावा. दोन सेंटरमध्ये (रॉडला दोन्ही टोकांना धरणारे टोकदार आधार) रॉड धरून कट घेतला की तो आडवा किती सरकला आहे हे कळते आणि बाजूच्या स्क्रूने तो जुळवता येतो. नवीन लेथमध्ये त्याचे सेंटर उंचीला एक-दोन शतांश मिमी वर असेल तर घाबरू नये; झिजेचा हिशोब धरून ते तसे ठेवतात. थ्री जॉ चकमध्ये (तीन जबड्यांची पकड) धरलेल्या जॉबवर डायल गेजचा काटा ०.०५ ते ०.०८ मिमी फिरला तर तोही दोष मानू नये. नेमके सेंटर हवे असेल तिथे फोर जॉ चक (प्रत्येक जबडा वेगळा सरकवता येणारी पकड) आणि डायल गेज घेऊनच जॉब धरावा.

घरात लेथ येते तेव्हा मुलेही त्या खोलीत येतात. चकची किल्ली चकमध्ये एक क्षणही सोडू नये, हातमोजे घालून लेथ चालवू नये, मनगटावरचा राखीचा धागा किंवा कडे काढून ठेवावे, आणि काम संपल्यावर मेन स्विचला कुलूप लावावे. या चार गोष्टींत मी घरच्या कुणालाही सवलत देत नाही.

पावसाळ्यात बेड उघडे ठेवू नका आणि प्लास्टिकनेही झाकू नका, कारण त्याच्या आत दमटपणा धरतो. ऑइलने ओलसर केलेले सुती कापड पुरते. काळ्या मातीमुळे पहिली दोन वर्षे लेव्हल दर सहा महिन्यांनी तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपताना. मी दुसऱ्या तपासणीसाठी खंडेनवमीचा दिवस धरला आहे. त्या दिवशी लेथ पुसून स्वच्छ केलेले असतेच, मग पूजेआधी दोन कॉलरचा कट घेतो आणि आलेले आकडे हेडस्टॉकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहितो.