मुदत ठेव मोडून जुने कार्ड घ्यावे का?

प्रश्न: माझे वय ३६ असून मी नागपुरात मनीषनगरला राहतो व मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. दर रविवारी आम्ही मित्र १९९९ च्या पोकेमॉन कार्डांचा डाव मांडतो आणि त्यातूनच मला संग्रहाची गोडी लागली. परदेशातील एक विक्रेता त्यातल्या चारिझार्डचे, ग्रेडिंग झालेले (म्हणजे स्थिती तपासून दर्जा ठरवलेले) कार्ड देऊ करत आहे. त्यासाठी साडेतीन लाखांची मुदत ठेव मोडावी का? घरखर्च ४८,००० आणि गृहकर्जाचा हप्ता २२,००० रुपये आहे. बचत खात्यात ६०,००० रुपये आहेत.

उत्तर: ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपला छंद मी उधळपट्टीत धरत नाही.

घरखर्च आणि हप्ता मिळून आपल्याला महिन्याला ७०,००० रुपये लागतात, म्हणजे ही ठेव बरोबर पाच महिन्यांचा आधार आहे आणि बचत खात्यातील रक्कम एका महिन्यालाही पुरत नाही. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर बँक सोन्यावर कर्ज देईल, कार्डावर देणार नाही. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बहुतेक बँका व्याजदरात कपात करतात, परदेशातून येणाऱ्या वस्तूवर सीमाशुल्क लागते आणि उद्या विकायचे ठरवले तर ग्राहक बहुधा पुन्हा परदेशातच शोधावा लागतो, तेव्हा दलाली, टपालखर्च आणि विम्याचा भार आपल्यावरच पडतो. दरम्यान कार्ड एक रुपयाही व्याज देत नाही.

आता आपल्या रविवारच्या डावाकडे वळतो, कारण या व्यवहारात आपले खरे भांडवल तेच आहे. जानेवारी १९९९ मध्ये इंग्रजीत आलेल्या १०२ कार्डांच्या त्या पहिल्या संचात चारिझार्ड हे सर्वांत हवेहवेसे कार्ड ठरले, पण डावात ते उतरवणे किती जिकिरीचे असते हे आपण जाणता. आधी चारमँडर, मग चारमेलियन, त्यानंतर चारिझार्ड, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. वर चार ऊर्जा जोडाव्या लागतात आणि शंभराचा एक फटका मारला की त्यातल्या दोन टाकून द्याव्या लागतात. समोरच्याने मध्येच ऊर्जा काढून टाकणारे ‘एनर्जी रिमूव्हल’ कार्ड टाकले की सगळी तयारी मातीमोल. उलट हिटमॉनचॅन हे दुसरे कार्ड एका ऊर्जेवर पहिल्या फेरीपासून मारू लागते, तरीही किमतीत ते चारिझार्डच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे आपण जी किंमत मोजायला निघाला आहात, ती डावातल्या बळाची नसून दुर्मिळतेची, चित्राची आणि लहानपणीच्या आठवणींची आहे. या गोष्टींना मोल नाही असे नव्हे, पण त्या मोलाचा उद्याचा भाव कोणी सांगू शकत नाही. नुसता साठवणारा हा फरक ओळखायला वर्षे घेतो. आपल्याला तो दोन-चार पराभवांतच कळला असेल.

हाताळण्यातूनही असेच शिक्षण होते. मागच्या निळ्या कडेवर उमटलेले पांढरे ओरखडे, चित्राच्या चौकटीची सावली असलेली व नसलेली छपाई, कडेने पाहिल्यावर कागदाच्या थरांमध्ये दिसणारी काळी रेघ, हे सारे बोटांना आणि डोळ्यांना सवयीनेच ओळखता येते, आणि बनावट मालापासून तेच वाचवते. ग्रेडिंगचे कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या बंद डबीत येते. ते खेळायला काढले की ग्रेडसाठी मोजलेली जादा किंमत गेली, आणि नाही काढले तर रविवारी ते कपाटातच राहणार. (आमच्या पिढीची डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डे खेळून खेळून चिंध्या झाली, एकही उरले नाही, याची मला अजिबात हळहळ नाही.)

म्हणून सुचवतो, की पगारातून महिन्याला २,००० रुपये या छंदासाठी वेगळे काढावेत आणि त्यातून नंतरच्या मोठ्या छपाईतील, थोडी झिजलेली, ग्रेडिंग न केलेली कार्डे घेऊन त्या काळातला साठ कार्डांचा एक डेक पूर्ण करावा. प्रत्येक खरेदीची तारीख आणि किंमत वहीत नोंदवावी. ठेव मुदत संपताच पुन्हा ठेवावी. राखीव रक्कम सहा महिन्यांची, म्हणजे ४,२०,००० रुपये झाली आणि हाती बोनस आला, तर चारिझार्डचा विचार जरूर करावा, परंतु तोही हौसेचा खर्च समजूनच. निवृत्तीच्या हिशेबात त्याला धरू नये.

एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर चालतात आणि त्यांच्या दमट हवेत जुनी चमकीची कार्डे वाकतात. कार्डे प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, कूलर नसलेल्या खोलीत ठेवावीत.