आलेखात उतरणारी रेघ

प्रश्न : सर, बारावीच्या क्लासमध्ये विद्राव्यतेचा, म्हणजे कोणत्या तापमानाला पाण्यात किती क्षार विरघळतो त्याचा, आलेख काढला. पोटॅशियम नायट्रेटची रेघ वर चढते, सिरियम सल्फेटची मात्र खाली उतरते. आई म्हणते, छापायची चूक असेल, साखर कधी गार पाण्यात जास्त विरघळते का? – एक विद्यार्थिनी, सातपूर

उत्तर : साखरेपुरतं आईचं बरोबर, पण छापणाऱ्यावर आळ नको. 100 ग्रॅम पाण्यात सिरियम सल्फेट हा क्षार शून्य अंशाला सुमारे 21 ग्रॅम विरघळतो, 20 अंशाला 10 ग्रॅमच्या आत आणि 60 अंशाला जेमतेम 4.

यात मीही एकदा तोंडघशी पडलोय. नाशिकची डिसेंबरातली सकाळ, नळाचं पाणी हाताला चावत होतं. एका मुलाने याच क्षाराचं स्वच्छ, नितळ द्रावण करून आणलं. मी म्हटलं, जरा कोमट कर. बर्नरवर ठेवताच तळाशी पांढरा रवा जमायला लागला. बीकर धुतला नाहीस म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत झापलं! दुपारी पुस्तक उघडलं आणि माझाच चेहरा उतरला.

कारण असं. स्फटिक सुटा करायला उष्णता खर्ची पडते, तर सुट्या आयनांना, म्हणजे क्षाराच्या प्रभार असलेल्या कणांना, पाणी बिलगतं तेव्हा ती बाहेर पडते. सिरियमच्या आयनावर तीन धन प्रभार, त्यामुळे तो पाण्याला घट्ट धरतो आणि इथे खर्चापेक्षा जमा जास्त होते. म्हणजे विरघळताना उष्णता निघते. अशा द्रावणाला वरून आणखी उष्णता दिलीस की ते उलट्या दिशेने सरकतं, क्षार बाहेर टाकतं. तुमच्या पुस्तकातलं ले शाटेलिएचं तत्त्व ते हेच. लँथॅनम आणि निओडिमियम या भावंडांची सल्फेटंही याच वळणाची.

बाकी सिरियम आणि त्याच्या या भावंडांना ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात, त्या नावावर जाऊ नकोस. आपल्या तांबट आळीत ठोकतात त्या तांब्याच्या तोडीचं सिरियम भूकवचात आहे.

आईला दाखवायला सिरियम कुठून आणणार? पानवाल्याकडून चुना आण. गार पाण्यात ढवळ, रात्रभर झाकून ठेव, सकाळी वरची निवळी गाळून घे आणि तापव. डोळे जप. चुनाही याच जातीचा, निवळी गढूळ होईल. तापवतानाही झाकण हवंच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेही ती पांढरी होते, मग आईपुढे तुझा पुरावा टिकायचा नाही.